एकेचाळीस अमोनाइट आणि एक वाटी

८ जानेवारी, सकाळी ७.१०

काल बायको लेकीकडे गेली. पंधरा दिवसांसाठी. नोव्हेंबरात लेकीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा गेली होती, आता उरलेली विश्रांती बघायला गेली असणार. मी विचारलं नाही. मोठी बॅग का घेतलीस, हेही विचारलं नाही. मोकळीक देणारा नवरा आहे मी.

नव्या वर्षाचे संकल्प आजपासून. आठ दिवस उशीर, पण पक्के. रोज सहाला उठायचं (आज सात, उद्यापासून सहा). रोज रोजनिशी लिहायची. आणि मुख्य म्हणजे ती परत यायच्या आत अमोनाइटांसाठी नवं शोकेस. तिने दार उघडावं आणि बघत राहावं.

नोंद असावी म्हणून लिहितो. माझ्याकडे एकेचाळीस अमोनाइट आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा वेटोळ्या शंखातला प्राणी. मेला, गाळात गाडला गेला, दगड झाला. पण माझ्या संग्रहातल्या शंखांचा वरचा पापुद्रा अजून शाबूत आहे आणि त्यावर उजेड पडला की लाल, हिरवा, क्वचित जांभळा असे रंग पेटतात. मान हलवली की रंग बदलतो. आमचे साहेब एकदा बघून म्हणाले, पेट्रोल सांडलंय का यावर? साहेबांची नजर तेवढीच.

शोकेस छोट्या खोलीत बसेल. तिथे बायकोचं कामाचं टेबल होतं. ती दातांच्या कवळ्या बनवते, शहरातले निम्मे म्हातारे तिने केलेल्या दातांनी हसतात. ते टेबल मी नोव्हेंबरात ती नसताना बाल्कनीत हलवलं. सरप्राइज. वर प्लास्टिक बांधलं. मेण, प्लास्टर, त्या रसायनांचा वास, सगळं बाहेर मोकळ्या हवेत. तिच्याच तब्येतीचा विचार. आल्यावर तिने टेबलाकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि चहा टाकला. एक शब्द बोलली नाही. म्हणजे पसंत पडलं. डिसेंबरभर स्वेटर घालून तिथे काम केलं. एकदा म्हणाली, प्लास्टरमध्ये धूळ जाते. मी म्हटलं, झाकण ठेव.

९ जानेवारी

उठलो पावणेसातला. प्रगती आहे.

अमोनाइटांचं जुनं कपाट रिकामं केलं. खालच्या फळीवर, क्रमांक एकच्या मागे, बायकोची निळी रबरी वाटी सापडली. प्लास्टर कालवायची. तळाशी बोटभर पाणी. एवढ्या संग्रहाशेजारी पाणी! मी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो. आग, गळती, मोडतोड. जाऊन बघायचं आणि फॉर्मवर कारण लिहायचं. एकवीस वर्षांत माझं निदान चुकलेलं नाही, आणि दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं: मालकाचा हलगर्जीपणा. त्यामुळे स्वतःच्या घरात हे बघून अंगावर काटाच आला.

पाणी बेसिनमध्ये ओतलं. वाटी पुसून दाराजवळ ठेवली, किल्ल्यांसाठी. छान सोय झाली.

१० जानेवारी, रविवार

लेकीला फोन केला. आई आंघोळीला गेलीय म्हणाली. मी म्हटलं काही घाई नाही, सहज केला. ठेवता ठेवता म्हणाली, बाबा, आईने विचारलंय, कपाटातल्या वाटीत पाणी आहे ना? मी म्हटलं आहे. उगाच वाद कशाला.

बाईचं लक्ष बारीकसारीक गोष्टींत. मोठं चित्र दिसत नाही. ते काम माझं.

१५ जानेवारी

सुतार आला. सहा फूट बाय चार, काचेची दारं, आत आठ हॅलोजन दिवे. सुतार म्हणाला, साहेब, एलईडी लावा, हे दिवे फार तापतात. मी त्याला समजावलं की रंग पेटायला उजेडात धग लागते. तो म्हणाला, तुम्हाला माहीत. मला माहीत आहेच.

रात्रीचं जेवण: पाव आणि अंडं. सलग सहावा दिवस. साधं राहणीमान अंगी बाणतंय.

२१ जानेवारी

शोकेस उभं राहिलं. एकेचाळीस जण आत. दिवे लावले.

काय लिहू. लिहवत नाही. अख्खी खोली पेटली. लाल, हिरवा, आणि क्रमांक एकच्या मधोमध तो जांभळा पट्टा. मी अर्धा तास उभा होतो. मग मागे वळून म्हटलं, अगं, बघ तरी.

सवय असते माणसाला.

२२ जानेवारी

पंधरा दिवस झाले. फोन केला. आंघोळीला गेली होती. संध्याकाळी साडेसहाला. तिकडे पाण्याचा सुकाळ दिसतो. लेक म्हणाली, आई अजून थोडे दिवस राहणार आहे. मी म्हटलं, राहू दे की, मलाही इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही नीट जेवता ना? जेवतो म्हटलं. वाटीत पाणी? आहे म्हटलं.

काळजीचं कारण नाही. टेबल इथे. पॉलिशची मोटर इथे. ॲप्रन बाल्कनीच्या खिळ्याला. दातांच्या रंगांची ती छोटी पट्टी, जी ती कोणाला हात लावू देत नाही, तीसुद्धा इथेच. पाहणीचा पहिला नियम: माणसं काय बोलतात ते ऐकू नका, वस्तू कुठे आहेत ते बघा. कामाची माणसं हत्यारं टाकून जात नाहीत.

३१ जानेवारी, रविवार

लेबलं लिहिली. सुवाच्य अक्षर, काळी शाई. प्रत्येकावर क्रमांक, अंदाजे वय, शोध कोणाचा. 'शोध: मी' असं चाळीस वेळा लिहिलं.

क्रमांक एकला जरा थांबलो. लग्नानंतर फिरायला गेलो होतो तेव्हाचा. रस्त्याकडेला दगडांचं दुकान होतं. मी बाहेर गाडी लावायच्या जागेवरून कुणाशी तरी भांडत होतो. आत येऊन बघतो तर ही एका ट्रेमध्ये, जिथे सगळे चिल्लर दगड टाकले होते, हात घालून बसलेली. त्यातून तिने हा काढला आणि उजेडाकडे धरून म्हणाली, हा घ्या, हा मेलेला वाटतच नाही. पण पैसे मी दिले. आणि तो अमोनाइट आहे हे तीन महिन्यांनी पुस्तकात बघून मीच शोधलं. तेव्हा शोध शास्त्रीयदृष्ट्या माझाच.

'शोध: मी.' एकूण एकेचाळीस.

४ फेब्रुवारी

योजना सुचली. साधीसुधी नाही. प्रदर्शन. चौदा मार्च, रविवार, दुपारी चार. त्या दिवशी आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं होतात, हा दुहेरी फायदा. कार्डं छापायची. एक कार्ड बायकोला पोस्टाने. ती येईल, बघेल, आणि तिला कळेल की छोट्या खोलीचं मी नेमकं काय केलं. न बघताच रागावली असेल तर तेवढाच एक गैरसमज आहे. म्हणजे रागावलेली नाहीच. असलीच तर.

ऑफिसात साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, चहा असेल ना?

११ फेब्रुवारी

लोकांनी कुठे उभं राहायचं ते ठरवायला जमिनीवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. हे रंग कोनावर असतात. एक पाऊल इकडे सरकलं की राखाडी, एक पाऊल तिकडे की हिरवं. दोन तास सरकत होतो. एकेचाळीसच्या एकेचाळीस एकदम दिसतील अशी खोलीत एकच जागा निघाली: खिडकीजवळ, डाव्या कोपऱ्यात, बसून. जमिनीवर तिथे चार जुने खड्डे आहेत. बायकोच्या स्टुलाचे.

सोळा वर्षं ती त्या उजेडात बसायची. दातांचा रंग जुळवायला असा उजेड लागतो म्हणायची.

म्हणजे मी खोली बरोबर निवडली होती, हेच सिद्ध होतं.

१६ फेब्रुवारी

क्रमांक बावीसखाली फळीवर काहीतरी चमकत होतं. नखाएवढं. लालसर. धूळ असणार. ब्रशने झाडलं.

१८ फेब्रुवारी

धूळ नाही. पापुद्रे आहेत. बावीस, सात, तेहतीस. रंगाच्या खपल्या उचलल्या जातायत आणि खाली साधा करडा दगड दिसतोय. घाबरण्यासारखं काही नाही. नव्या जागेत रुळायला वेळ लागतो.

एक दिवा वाढवला. उजेड कमी पडत असेल.

२१ फेब्रुवारी, रविवार

पृष्ठभाग मळल्यामुळे पापुद्रा सुटत असावा, असं माझं निदान. बायकोची पॉलिशची मोटर लावली. कवळ्यांना ती अशी चकाकी देते की बस. क्रमांक नऊ धरला. चार सेकंद. फार तर पाच.

क्रमांक नऊ आता पूर्ण करडा आहे. लेबलवर 'अभ्यासासाठी, रंगविरहित नमुना' असं लिहिलं. प्रत्येक संग्रहात असा एक असावाच लागतो.

फोन. आंघोळ. पाणी आहे म्हटलं.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी

दिवसभर डोकं धरून बसलो, मग प्रकाश पडला. फसवणूक. अस्सल माल असता तर खपल्या निघाल्याच नसत्या. दगडवाल्याला फोन केला. वीस वर्षांची ओळख, निम्मा संग्रह त्याच्याकडून घेतलेला. मी आवाज चढवला. तो शांतपणे विचारू लागला, ठेवता कसे, हवा कशी आहे आत, पूर्वी कधी... मी म्हटलं, विषय बदलू नका, आणि फोन ठेवला.

अस्सल की नकली, याची एक चाचणी त्यानेच शिकवली होती. दाताला हळूच लावून बघायचं. दगड थंड, कडक लागतो. राळेची नक्कल नरम लागते. बारा वर्षांपूर्वी मी ती चाचणी जरा जोरात केली आणि पुढचे दोन दात गमावले. बायको आठवडाभर हसत होती. हसत हसतच तिने माझे दोन दात बनवले, प्लेटसकट. रंग असा जुळवला की ऑफिसात आजवर कोणाला संशय नाही. तेव्हापासून रोज झोपताना दात पाण्याच्या ग्लासात. तिने घालून दिलेला नियम. का, ते मी कधी विचारलं नाही.

आज क्रमांक एक घेतला. हळूच लावला. मग वाटलं, खात्री करावी.

अस्सल आहे.

प्लेटला मधोमध तडा गेला. एक दात हातात आला.

२५ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्लेट उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, काय सुंदर काम आहे, हे दुसऱ्या कोणाकडे द्यायचं नाही, त्याच जोडतील. फक्त पार्सलने पाठवावं लागेल, तीन आठवडे धरून चला. मी म्हटलं, पार्सल कशाला? ते म्हणाले, अहो, त्या आता तिकडेच काम करतात ना. स्वतःची खोली घेतलीय, हत्यारं तूर्त उसनी आणलीत. मोठी खिडकी आहे म्हणे, खूश होत्या फोनवर. माझं सगळं काम तिकडेच जातं. तुम्हाला माहीत असेलच.

मला अर्थातच माहीत होतं.

प्लेट परत खिशात घातली. म्हटलं, चौदा मार्चला ती येणारच आहे, घरीच देतो. डॉक्टर बरं म्हणाले, आणि जरा जास्तच वेळ बघत राहिले.

माहीत नव्हतं. इथे कोण वाचतंय. मला माहीत नव्हतं.

२६ फेब्रुवारी

रात्री विचार केला. खोली घेणं म्हणजे तात्पुरती सोय. माझ्याही कंपनीने एकदा रंगकामाच्या वेळी दुसरीकडे जागा घेतली होती. रंग झाल्यावर सगळे परत आले.

कार्ड पोस्टात टाकलं. मागे लिहिलं, 'खोलीत खूप उजेड असतो. यावंस.' मग 'यावंस' खोडून 'यावे ही विनंती' लिहिलं. मग वाटलं आधीचंच बरं होतं, पण खोडलेलं परत कसं लिहिणार.

७ मार्च, रविवार

तयारी जोरात. खुर्च्या बारा. खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांकडून आणल्या. ते निवृत्त आहेत, वेळ आहे, सगळ्या स्वतः मोजून दिल्या.

खपल्या रोज पडतायत. त्या एका पाकिटात गोळा करतो, चिमट्याने. पडलेली बाजू भिंतीकडे वळवली की समोरून काही कळत नाही. समोरून अजून एकवीस चांगले आहेत. एकोणीस. क्रमांक एकला काही झालेलं नाही. तो मधोमध ठेवलाय, सगळ्यांत तेजस्वी दिव्याखाली.

बोलताना हवा निघते. 'संग्रह' म्हटलं की शिट्टी वाजते. प्रदर्शनात भाषण करणार नाही. माहिती छापील देईन.

फोन केला नाही. तिलाही वाटू दे.

१४ मार्च, सकाळी ६.००

सहाला उठलो. संकल्प पूर्ण झाला तोही आजच. शुभशकुन. तिची आवडती निळी उशी धुऊन खुर्चीवर ठेवली, डाव्या कोपऱ्यात. त्या जागेवर फुली नाही मारली. तिला माहीत आहे.

१४ मार्च, रात्री

क्रमाने लिहितो. पाहणी अहवालासारखं.

चार वाजता पोस्टमास्तर आले. सव्वाचारला साहेब, सौ. साहेबांसह. वरच्या मजल्यावरची दोघं चुकून आली, त्यांना लिफ्टच्या मीटिंगचं कार्ड वाटलं. एकूण पाच. मी तोंडावर रुमाल धरून सगळ्यांना फुल्यांवर उभं केलं आणि दिवे लावले. नऊच्या नऊ.

साहेब म्हणाले, छान आहे. सौ. साहेब म्हणाल्या, तो मधला किती सुंदर आहे. मी मान डोलावली. पोस्टमास्तर काचेशी वाकले. तेवढ्यात टक् असा आवाज आला. अगदी बारीक, नख तुटल्यासारखा. क्रमांक एकच्या पाठीवरचा पापुद्रा उचलला गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत घसरून फळीवर पडला. जांभळा पट्टा त्याच्यासकट. पोस्टमास्तर म्हणाले, असं व्हायचं असतं का याचं?

बेल वाजली.

मी धावलो. दारात जावईबापू. मागे टेम्पोवाला. जावईबापूंनी वाकून नमस्कार केला, मग आतली माणसं पाहून गडबडले. म्हणाले, बाबा, मला माहीत नव्हतं आज काही आहे. मला रविवारीच सुटी असते, म्हणून. त्यांच्या हातात यादी होती. बायकोचं अक्षर. टेबल, मोटर, ॲप्रन, ब्रश, रंगपट्टी, स्टूल.

मी विचारलं, कार्ड मिळालं का? म्हणाले, मिळालं. आईंनी ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

बाल्कनीतून टेबल काढायला छोट्या खोलीतूनच जावं लागतं. पाहुण्यांना फुल्यांवरून बाजूला केलं. जावईबापू आणि टेम्पोवाला टेबल आडवं धरून शोकेससमोरून गेले. सौ. साहेबांनी वाट मोकळी करायला निळ्या उशीची खुर्ची उचलून भिंतीला लावली. मोटर गेली. ॲप्रन गेला. स्टूल गेलं. मी यादी हातात घेऊन एकेका वस्तूपुढे खूण करत होतो, हात आपोआप चालतो.

यादीच्या शेवटी वेगळ्या ओळीत लिहिलं होतं: 'निळी वाटी आणू नये. कपाटातच राहू द्यावी. दर रविवारी पाणी.'

जावईबापू म्हणाले, आईंनी हे दोनदा सांगितलंय. वाटी आहे ना कपाटात? मी दाराकडे बघितलं. तिच्यात किल्ल्या होत्या. त्यांनीही बघितलं. भला माणूस आहे, यादी माझ्याकडून घेऊन घडी घालून खिशात ठेवली.

चहा सगळ्यांना पुरला.

१५ मार्च

रजा टाकली. दगडवाल्याला फोन केला, आधी माफी मागितली. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाला, हा पापुद्रा फार सुकला की सुटतो. कपाटात थोडा ओलावा ठेवावा लागतो, वाटीभर पाणी पुरतं. वर तुम्ही नऊ दिवे तापवलेत. मग म्हणाला, तुमच्याकडे तर पाणी असायचं की. तुमच्या मिसेसनी मला एकदा फोन करून विचारलं होतं, अठरा वर्षं तरी झाली. म्हणाल्या, ॲक्रिलिकचे दात कोरडे ठेवले की तडकतात, तसं यांचं पण होत असेल का? मी म्हटलं, होतं. तेव्हापासून घालतात म्हणाल्या.

अठरा वर्षं. म्हणजे साधारण नऊशे रविवार. मी घरात होतो प्रत्येक रविवारी. समोर बसून दगड पुसत असेन.

आणि मी स्वतःचे दात बारा वर्षं रोज रात्री पाण्यात ठेवतोय.

दुपारी ऑफिसचा कोरा फॉर्म काढला आणि भरला. नुकसानीचं स्वरूप: एकेचाळीसपैकी सदतीस नमुने, रंग गेलेले. इतर: एक पत्नी. कारणाच्या रकान्यात मला एकवीस वर्षांत कधी विचार करावा लागला नाही, आजही लागला नाही. 'दुरुस्ती शक्य आहे का' या रकान्यात मात्र पेन टेकवून बसून राहिलो. तो कोराच ठेवलाय.

ती नोव्हेंबरात टेबलाकडे बघत उभी होती, पिशवी हातात. तेव्हा ती काहीच बोलली नाही म्हणजे तिला पसंत पडलं, असं मी याच वहीत लिहिलंय. आज वाचलं. लाज वाटली. ती परत यावी असं मला वाटतं. इतकं वाटतं की घरात कुठे उभं राहावं ते कळत नाही.

१६ मार्च

नऊच्या नऊ दिवे काढले. क्रमांक एकचं लेबल फाडलं. नवं लिहिलं: 'शोध: तिचा.' अक्षर वाकडं आलं, तसंच ठेवलं. पापुद्रा चिमट्याने उचलून शेजारी ठेवलाय, कापसावर.

लेकीला फोन केला. लेक म्हणाली, बाबा, आई इथेच बसलीय. मग म्हणाली, बोलणार का विचारू? मागे काहीतरी आवाज झाला, स्टूल सरकल्यासारखा. लेक म्हणाली, बाबा, आई आंघोळीला गेली. तिचा आवाज रडवेला झाला होता. मी म्हटलं, जाऊ दे गं. तिला सांग, पाणी नव्हतं. मी खोटं बोललो. ती गेल्यावर दोनच दिवसांत ओतून टाकलं होतं. आता घातलंय.

लेक म्हणाली, सांगते.

१७ मार्च

प्लेट आणि सुटा दात डॉक्टरांकडे नेऊन दिला. पार्सलवर पेशंटचं नाव लिहू का नुसता नंबर, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नंबर. मग म्हटलं, ती ओळखेल. डॉक्टर म्हणाले, हो, स्वतःचं काम कोणीही ओळखतं.

४ एप्रिल, रविवार

उठलो आठला. संकल्प सगळे मागे घेतले. एकच ठेवलाय.

चार शिल्लक होते, ते चारच आहेत. आणखी खपली पडली नाही. दिवे नाहीत, त्यामुळे खिडकीतून येईल तेवढाच उजेड. सकाळी दहाच्या सुमारास डाव्या कोपऱ्यात जमिनीवर बसलं की चारही दिसतात. स्टूल नाही, त्यामुळे गुडघे दुखतात.

फोन आला नाही. मीही केला नाही. वाटीत पाणी घातलं.

९ एप्रिल, संध्याकाळी ६.४०

दातांच्या डॉक्टरांकडून बोलावणं आलं, ऑफिसातून सुटून तिकडे गेलो. डबी आली होती. जोड कुठे आहे ते नखाने चाचपूनही कळत नाही.

डबीत छापील चिठ्ठी होती. 'रात्री काढून पाण्यात ठेवावेत. कोरडे पडू देऊ नयेत.' काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ही सगळ्यांनाच येते. मी विचारलं, पार्सलमध्ये आणखी काही होतं का? त्या नाही म्हणाल्या. मी म्हटलं, एकदा बघता का? त्यांनी खोका पुन्हा उघडून उलटा केला. कापूस होता.

चिठ्ठीची मागची बाजू कोरी आहे. तिथेच बघितली, बसमध्ये बघितली, घरी आल्यावर खिडकीशी उजेडात धरून बघितली.

दात बसवून बघितले. बरोबर बसले. 'संग्रह' म्हणून बघितलं, शिट्टी वाजत नाही.

वाटीत पाणी आहे. आज कोणी विचारलं नाही.